कार्टूनमधला ऑप्टिमस कितीला पडतो?

१९८४ साली ‘आयर्नहाइड’ नावाचं जे खेळणं दुकानात आलं, त्याला डोकं नव्हतं. निस्सानची लाल व्हॅन उभी करून उघडली, की पुढच्या काचेआड सीटच्या जागी चेहऱ्याचं एक स्टिकर दिसायचं. व्हॅनचा मागचा भाग सुटा होऊन त्याची तोफगाडी व्हायची. त्याच वर्षी सप्टेंबरात अमेरिकेत सुरू झालेल्या ‘द ट्रान्सफॉर्मर्स’ या गाड्या-विमानांत बदलणाऱ्या रोबोंच्या कार्टूनमधला आयर्नहाइड मात्र रुंद छातीचा, ठसठशीत चेहऱ्याचा, तोंडाळ पण जीव लावणारा जुना शिपाई होता. कार्टून पाहून ज्या मुलांनी आयर्नहाइडचा हट्ट धरला, त्यांच्या हातात भलतंच काही पडलं. कार्टूनमधला आयर्नहाइड जसाच्या तसा, व्हॅनमध्ये बदलणारा, अधिकृत खेळणं म्हणून मिळायला २०१६ उजाडावं लागलं. तोवर ती मुलं चाळिशीच्या आसपास पोहोचली होती. ‘टाकारा टोमी’ या जपानी कंपनीच्या ‘मास्टरपीस’ मालिकेतला हा एमपी-२७. जपानातली किंमत दहा-बारा हजार येन.

पडद्यावरचं हे रूप हातात मिळवण्यासाठी किती पैसे मोजावेत आणि कुठे थांबावं, हा प्रश्न आता आपल्याकडेही विचारला जातो. पुण्या-मुंबईत, नाशकात, कोल्हापुरात पगारातून बाजूला काढून ही खेळणी जमवणारी माणसं आहेत. त्यांच्यासाठी, आणि पहिलं खेळणं घेण्याआधी घुटमळणाऱ्यांसाठी हा हिशेब. रकमा रुपयांत सांगताना मी डॉलर ८८ रुपयांचा आणि येन ५८ पैशांचा धरला आहे. तुम्ही घ्याल त्या दिवशीचा भाव लावून पाहा.

चित्र आणि खेळणं यांच्यातलं अंतर

किंमत समजायची तर आधी हे अंतर समजलं पाहिजे. खेळणी आधी होती, कार्टून नंतर आलं. टाकाराच्या (म्हणजे आजच्या टाकारा टोमीच्या) ‘डायाक्लोन’ आणि ‘मायक्रोमॅन’ या मालिकांतली खेळणी अमेरिकेच्या हॅस्ब्रोनं उचलली आणि ऑटोबॉट आणि डिसेप्टिकॉन या दोन लढणाऱ्या रोबो-गटांच्या कथेत बसवली. डायाक्लोनच्या गाड्यांत इटुकला चालक बसायचा, म्हणून त्या व्हॅनमध्ये सीट होती आणि चेहरा नव्हता. कार्टूनला बोलणारी, चिडणारी, हसणारी पात्रं हवी होती. फिलिपिनो चित्रकार फ्लोरो डेरी यांनी पात्रांचे सोपे, गोलाईचे, माणसाच्या बांध्याचे आराखडे केले, कारण तीच आकृती हजारो वेळा हातानं काढायची होती. ती आकृती पुन्हा गाडीत कशी घडी घालून बसणार, हा प्रश्न चित्रकारासमोर नव्हताच. पडद्यावर रूपांतर दोन-तीन सेकंदांत उरकायचं. त्यात चाकं नाहीशी होत, छाती फुगे, पाय लांबत. ट्रक होणाऱ्या नायक ऑप्टिमसचा भलामोठा ट्रेलर कुठून यायचा आणि कुठे जायचा, हे कुणी विचारत नसे. खलनायक मेगाट्रॉन तर मुठीत मावणारं पिस्तूल होऊन त्याच्याच साथीदाराच्या, स्टारस्क्रीमच्या हातात जायचा.

कायद्याचीही एक आडकाठी होती. जेटफायर या विमान होणाऱ्या रोबोचं मूळ खेळणं टाकाराचं नव्हतं. ते ‘मॅक्रॉस’ मालिकेतलं टाकाटोकू कंपनीचं विमान होतं, आणि मॅक्रॉसच्या खेळण्यांचे हक्क पुढे टाकाराच्या प्रतिस्पर्धी बँडाईकडे गेले. म्हणून कार्टूनमध्ये त्याचं रूप बदललं आणि नावही ‘स्कायफायर’ झालं. म्हणजे त्याच्या बाबतीत चित्र आणि खेळणं हे सरळ दोन वेगळे प्राणी झाले.

आज जे ‘कार्टूनशी प्रामाणिक’ म्हणून विकलं जातं, त्यात अभियंत्याला हे चाळीस वर्षांपूर्वीचं अशक्य चित्र प्लास्टिकमध्ये शक्य करून दाखवायचं असतं. चाक दिसू नये म्हणून ते पायाच्या आत वळवायचं, वर झाकण आणायचं, झाकणाला बिजागरी द्यायची, ती बिजागरी झाकायला आणखी एक पातळ पत्रा. अशा प्रत्येक पायरीला नवे भाग, नव्या पिना आणि नवा रंग लागतो. जुळणीचा वेळ वाढतो. तुमच्या खिशातून जातं ते या लपवालपवीसाठी.

पैसा नेमका कशात मुरतो

मास्टरपीस मालिका २००३ च्या डिसेंबरात सुरू झाली. पहिला मान अर्थात ऑप्टिमस प्राइमचा. जपानात तो ‘कॉन्व्हॉय’ म्हणून विकला जातो, जपानी दुकानांत शोधताना हेच नाव टाका. एमपी-१ मोठा, जड, धातूचे भाग असलेला होता, पण इतर पात्रांच्या शेजारी उभा करण्याच्या मापाचा नव्हता. २०११ चा एमपी-१० हा मालिकेचा खरा कणा. आकार थोडा लहान केला, जेणेकरून पुढे येणाऱ्या गाड्या त्याच्या खांद्याच्या प्रमाणात उभ्या राहाव्यात. ट्रेलर सोबत, छाती उघडली की आत मेट्रिक्स हे नेतृत्वाचं चिन्ह, ट्रकच्या केबिनमध्ये बसणारा स्पाइक हा कथेतला मुलगा. किंमत पंधरा-सोळा हजार येन, म्हणजे आपले साधारण नऊ हजार रुपये. रोबो म्हणून तो कार्टूनच्या बऱ्यापैकी जवळ जातो. ट्रक म्हणून बघाल तर खराखुरा ट्रक वाटतो.

मग २०१९ मध्ये एमपी-४४ आला. तोच ऑप्टिमस, उंचीही जवळपास तीच, पण छातीचा आकार, कमरेची बारीक रेघ, पोटऱ्यांची गोलाई थेट पडद्यावरची. किंमत पंचेचाळीस ते पन्नास हजार येनच्या घरात. आठ वर्षांत एकाच पात्राची किंमत तिप्पट झाली. महागाई, रंगकाम, ट्रेलरमधली वाढीव सामग्री हे सगळं धरलं, तरी मोठा वाटा त्या शेवटच्या दहा-पंधरा टक्के साम्याचा आहे.

याहून स्वच्छ तुलना दोन भावांची. साइडस्वाइप आणि सनस्ट्रीकर हे कथेत जुळे मानले जातात, आणि मास्टरपीसमध्ये दोघेही लॅम्बोर्गिनी काउंटाक होतात, दोघेही गाडीच्या कंपनीच्या परवान्यानं. २०१२ चा लाल साइडस्वाइप (एमपी-१२, जपानी नाव लॅम्बोर) सहा हजार येनच्या आसपास होता. २०१७ चा पिवळा सनस्ट्रीकर (एमपी-३९) जवळपास दुप्पट. पहिल्याची रचना सरळ. बॉनेट, दारं, छप्पर कुठून कुठे गेलं हे दोन-तीनदा केल्यावर हाताला पाठ होतं. दुसरा उभा केला की कार्टूनची चौकट थांबवून बाहेर काढल्यासारखा दिसतो, पण त्याला पुन्हा गाडी करताना पहिल्या वेळी सूचनापत्रक बाजूला ठेवणं अवघड.

इथे एक गोष्ट जवळून सांगतो, कारण छायाचित्रांत ती कधीच दिसत नाही. महागड्या, अतिप्रामाणिक खेळण्यांत गाडीचं छप्पर किंवा दार नखाएवढ्या जाडीच्या अनेक पत्र्यांत विभागलेलं असतं. रूपांतराच्या शेवटी हे सगळे पत्रे एकाच वेळी एका रेषेत यावे लागतात. डाव्या बाजूची खाच बसवावी, तर उजवीकडची अर्धा मिलिमीटर वर येते. ती दाबली की मागचं बंपर सुटतं. आणि दाबताना बोट ज्या कडेवर असतं, तिथला रंग दुसऱ्या रंगवलेल्या पृष्ठभागाला घासत असतो. दहा-बारा वेळा रूपांतर झालं की त्या कडेला आतल्या प्लास्टिकची फिकट रेघ उमटते. स्वस्त खेळण्यात भाग प्लास्टिकच्याच रंगाचा असतो. घासला तरी काही दिसत नाही.

साम्याची आणखी एक किंमत गाडीला मोजावी लागते. रोबोची पाठ सपाट हवी, छाती चित्रासारखी हवी, म्हणून गाडीच्या अंगावर जोडरेघा वाढतात. काही ऑप्टिमसांत छातीवरच्या काचा या ट्रकच्या काचा नसतातच. ट्रकची पुढची बाजू पाठीमागे जाते आणि छातीसाठी वेगळा नकली भाग पुढे येतो. काहींना हे खटकत नाही. मला खटकतं. ट्रकची काच हीच त्याची छाती आहे, यातच या कल्पनेची सगळी जादू आहे, आणि ती काढून टाकून चित्राशी इमान राखण्यात मला अर्थ वाटत नाही. तुम्ही रोबो कपाटात उभा करून ठेवणार असाल, तर तुमचं मत उलट असू शकतं. पैसे भरण्याआधी ते ठरवा.

साच्याचा खर्च हा तिसरा मुद्दा. पोलादी साचे महाग, आणि मोठ्यांसाठीच्या खेळण्यांचा खप लहान मुलांच्या खेळण्यांच्या मानानं थोडा. म्हणून कंपनी एका साच्यातून अनेक पात्रं काढते. स्टारस्क्रीम, थंडरक्रॅकर, स्कायवॉर्प ही एकाच विमानाची तीन रंगांतली रूपं आहेत. प्राउल, ब्लूस्ट्रीक, स्मोकस्क्रीन एकाच निस्सान फेअरलेडीचे. ज्या पात्राचा साचा दुसऱ्या कुणाला चालत नाही, त्याच्या किमतीवर सगळा भार येतो.

थोडक्यात भागवायचं असेल तर

मला अगदी मनापासून सांगायचं आहे ते हे. गेल्या काही वर्षांत साम्य आणि किंमत यांचं नातं बदललं आहे. २०१६ मध्ये कार्टूनचा आयर्नहाइड हवा तर मास्टरपीसच घ्यावा लागायचा. २०२३ मध्ये हॅस्ब्रोनं ‘स्टुडिओ सिरीज ८६’ मध्ये आयर्नहाइड आणला. ट्रान्सफॉर्मर्सच्या १९८६ च्या चित्रपटातल्या पात्रांवर बेतलेली ही मालिका २०२१ पासून सुरू आहे. तिच्यातला आयर्नहाइड ‘व्हॉयेजर’ मापाचा, तेव्हा अमेरिकेत ३५ डॉलरचा, म्हणजे सरळ हिशेबानं तीन हजार रुपयांचा. चेहरा, छाती, रंग बघून कुणीही त्याला ओळखेल. बोटं हलत नाहीत, रंगकाम कमी, मागून पाहिलं तर पोकळ जागा दिसतात, आणि व्हॅन परवान्याची निस्सान नसून तिच्यासारखी दिसणारी व्हॅन आहे. पण तीन फुटांवरच्या फळीवर ठेवल्यावर यातलं किती दिसतं?

या मालिकांची मापं लक्षात ठेवली की दुकानात गोंधळ होत नाही. पुढचे भाव २०२३ चे आहेत. छोट्या गाड्या ‘डिलक्स’मध्ये येतात, २५ डॉलर, म्हणजे बावीसशे रुपये. व्हॉयेजर ३५ डॉलर. ‘लीडर’ ५५ डॉलर, साधारण ४,८०० रुपये. त्याच्या वर ‘कमांडर’. २०२० च्या ‘अर्थराइज’ मालिकेतला ऑप्टिमस लीडर मापाचा आहे आणि उघडणारा ट्रेलर त्याच्यासोबतच येतो. अमेरिकेत त्याची किंमत ५० डॉलर होती. एमपी-४४ च्या किमतीशी लावून बघा. ‘सीज’ मालिकेतला २०१९ चा जेटफायर ८० डॉलरचा होता आणि त्यात हॅस्ब्रोनं जुनं भांडण सुरेख मिटवलं. त्याला कार्टूनमधला उघडा चेहराही आहे आणि मूळ खेळण्यासारखं शिरस्त्राणही, जे हवं ते लावा. त्याच पात्राचा मास्टरपीस, एमपी-५७ स्कायफायर, फक्त कार्टूनचं रूप घेऊन आला आणि त्याची किंमत कितीतरी वर आहे.

माझा सल्ला स्पष्ट आहे. एक पात्र निवडा, ज्याच्यावर तुमचा खरंच जीव आहे. त्याच्यासाठी मास्टरपीस घ्या, आणि बाकीची फौज स्टुडिओ सिरीज ८६ मधून उभी करा. दोन्ही मापं एकाच फळीवर नीट जुळत नाहीत, मास्टरपीस उंच दिसतो, म्हणून ऑप्टिमसच निवडलात तर तो सेनापती म्हणून उंच शोभतोही.

ऑप्टिमस निवडणाऱ्यानं एमपी-१० आणि एमपी-४४ दोन्हींच्या रूपांतराच्या चित्रफिती सलग पाहाव्यात. रविवारी दुपारी हातात घेऊन खेळायचं असेल तर एमपी-१० घ्या. तो अनेकदा पुन्हा बाजारात आणला गेला आहे, वेगवेगळ्या रंगांतही आला आहे, त्यामुळे वापरलेला चांगल्या स्थितीत मिळण्याची शक्यता जास्त. पडद्यावरची प्रतिमाच डोळ्यांत घट्ट बसली असेल आणि तो महिनोन्‌महिने रोबोच्या रूपात उभा राहणार असेल, तर एमपी-४४ चे पैसे वाया जात नाहीत.

पण रूपांतर नकोच असेल, तर एक तिसरी वाट आहे आणि ती एमपी-४४ हून बरीच स्वस्त. ‘योलोपार्क’ची न बदलणारी मॉडेल किट्स आणि ‘थ्रीझीरो’च्या छोट्या ‘एमडीएलएक्स’ आकृत्या परवान्याच्या आहेत, आणि बहुतेक शंभर डॉलरच्या आत मिळतात. गाडी व्हायचं नसल्यामुळे सांधे मोकळे, मुद्रा सुंदर. ज्यांना फक्त कार्टूनमधला माणूस कपाटात हवा आहे, त्यांनी पन्नास हजार येन कशाला घालवायचे?

दुसऱ्या टोकाला चित्राशी नव्हे तर जुन्या खेळण्याशी इमान राखणारे आहेत. लहानपणी परदेशातून कुणी आणलेला ऑप्टिमस हातात होता, तोच हवा आहे, फक्त गुडघे वाकणारा. त्यांच्यासाठी टाकारा टोमीनं ‘मिसिंग लिंक’ मालिका काढली. १९८४ च्या खेळण्याचंच रूप, आत नवे सांधे. पहिला कॉन्व्हॉय ट्रेलरसह आहे आणि किंमत एमपी-४४ च्या बरीच खाली. बदलण्याची कृती सोपी, दोन मिनिटांची.

एका मोहापासून मात्र जपा. ‘एमपीजी’ या उपमालिकेत सहा आगगाड्या मिळून ‘रायडेन’ हा एक महाकाय रोबो होतो. पहिला शौकी, जपानच्या जुन्या शिंकानसेनचं रूप. एकेक खेळणं महागडं. पहिलं घेतलं की उरलेली पाच घेतल्याशिवाय चैन पडत नाही, म्हणून एकाची नव्हे, सहाची बेरीज करूनच हात घाला. आणि आवाजी आज्ञेनं स्वतःहून बदलणारा ‘रोबोसेन’चा ऑप्टिमस २०२१ मध्ये ७०० डॉलरला जाहीर झाला होता. ते यंत्र म्हणून थक्क करतं, पण त्यात मोटारी, बॅटरी आणि ॲप आहे. दहा वर्षांनी ते ॲप तुमच्या फोनवर चालेल का, हा प्रश्न विकत घेण्याआधीच विचारायचा.

भारतात येईपर्यंत

जपानी किंमत बघून खूश झालेला माणूस इथे अडखळतो. खेळण्यांवरचं मूळ आयातशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७० टक्के. शुल्क फक्त वस्तूच्या किमतीवर नसतं, भाडं धरूनच्या रकमेवर असतं. त्यावर जीएसटी. २०२५ च्या सप्टेंबरात साध्या खेळण्यांचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, इलेक्ट्रॉनिक खेळण्यांचा १८ राहिला.

समजा एमपी-४४ जपानात २८,००० रुपयांना पडला आणि विमानानं यायला ५,००० लागले. झाले ३३,०००. खेळणं म्हणून ७० टक्के शुल्क लागलं तर ५६,१००. त्यावर ५ टक्के जीएसटी, म्हणजे साधारण ५८,९००. कुरियर कंपनीचं हाताळणी शुल्क वेगळं. म्हणजे कपाटात येईपर्यंत किंमत दुप्पट झाली. वैयक्तिक वापरासाठी मागवलेल्या वस्तूंना वेगळ्या शीर्षकाखाली वेगळा दर लागू शकतो आणि अर्थसंकल्पात दर हलतात, म्हणून मागणी नोंदवण्यापूर्वी कुरियरच्या ग्राहक सेवेकडून आजचा दर लेखी घ्या. विक्रेत्यानं पाकिटावर किंमत कमी लिहून देण्याची तयारी दाखवली, तर नको म्हणा. माल अडकला की दंड तुम्हाला, आणि वाटेत फुटला तर विमाही त्या कमी किमतीचाच.

पिस्तूल होणारा मेगाट्रॉन (एमपी-३६, किंवा जुना एमपी-५) मागवताना अधिक विचार करा. हुबेहूब वॉल्थर पी-३८ दिसणारी वस्तू एक्स-रे यंत्राखालून जाणार असते. अमेरिकेतही अशा खेळण्याच्या नळीला नारिंगी टोपण लागतं. त्याला रोबोच्या रूपात ठेवून पाठवायला सांगा, आणि पार्सल अडलं तर पैसे परत मिळतील का हे आधी विचारून घ्या.

जपानात राहणारी मराठी मंडळी आता थोडी नाहीत. कुणी आप्त तिथून येणार असेल, तर प्रवाशाच्या सामानाला शुल्कमाफीची मर्यादा असते. २०१६ च्या नियमांत ती ५० हजार रुपये होती, प्रवासाच्या दिवशीची मर्यादा तपासून पावती जवळ ठेवायला सांगा. त्यांना टोकियोत नाकानो ब्रॉडवेतल्या ‘मांदाराके’सारख्या वापरलेल्या वस्तूंच्या दुकानात पाठवा. तिथे खेळण्याची स्थिती, हरवलेले भाग, पेटीची अवस्था नोंदवलेली असते आणि त्या नोंदींवर विसंबता येतं. फक्त एमपी-४४ ची पेटी हातसामानात मावणार नाही, हे त्यांना आधीच सांगा. नातं टिकलं पाहिजे.

भारतातच आयात करून विकणारे छोटे व्यावसायिकही आहेत. आगाऊ नोंदणीला ते काही रक्कम घेतात. शुल्कासह अंतिम किंमत, खेळणं यायची मुदत, ती हुकली तर परतावा, हे सगळं संदेशात लिहून घ्या, तोंडी आश्वासनावर विसंबू नका. ऑनलाइन बाजारात २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याचा तपशील आणि मालाचा मूळ देश दाखवणं बंधनकारक आहे. पेटीवर आयातदाराचं नाव आणि एमआरपीचं लेबल असलं पाहिजे. चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना २०२१ पासून बीआयएसचं चिन्ह सक्तीचं आहे, त्यामुळे मुलासाठी घेत असाल तर ते पाहिल्याशिवाय घेऊ नका. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.

बिनपरवान्याचे आणि नकली

‘फॅन्सटॉइज’, ‘एक्स-ट्रान्सबॉट्स’, ‘न्यूएज’ या कंपन्या परवाना न घेता, पात्राचं नाव बदलून स्वतःची रचना करतात. संग्राहक त्यांना ‘थर्ड पार्टी’ म्हणतात. त्यांतल्या काहींची कारागिरी मास्टरपीसच्या तोडीची असते, हे नाकारण्यात अर्थ नाही, आणि न्यूएजची तळहाताएवढी खेळणी कमी जागेत कार्टूनचं विलक्षण साम्य देतात. पण ती घेताना हे माहीत असू द्या की मूळ हक्कधारकाला यातलं काही मिळत नाही, आणि भाग तुटला तर दाद मागायला कोणी नाही. मी माझ्या कपाटात ती ठेवत नाही. ज्यांनी हे पात्र घडवलं, त्यांना माझे पैसे जावेत असं मला वाटतं.

‘केओ’ म्हणजे सरळ नक्कल, तिच्याबद्दल दुमत नको. एमपी-१० च्या नकला सर्वाधिक आहेत. निम्म्याहून कमी किंमत, पेटीवरची धूसर छपाई, टाकारा टोमीचं चिन्ह गायब किंवा वेडंवाकडं, भागांवर हक्काची खूण नाही, उघडल्यावर उग्र वास. यातलं काहीही दिसलं तर पैसे देऊ नका. विक्रेत्याकडून पायाच्या तळव्याचं किंवा आतल्या बाजूचं, जिथे खूण कोरलेली असते तिथलं, जवळून काढलेलं छायाचित्र मागा. खऱ्या मालाचा विक्रेता ते दोन मिनिटांत पाठवतो.

जुनी, १९८० च्या अखेरची आणि नव्वदच्या दशकातली खेळणी घेणाऱ्यांनी आणखी एक पाहावं. सोनेरी चकाकी मिसळलेलं प्लास्टिक काळानं इतकं ठिसूळ होतं की साधा सांधा वळवताना त्याचे तुकडे होतात. असं खेळणं पेटीत कितीही कोरं दिसलं, तरी बदलण्यासाठी घेऊ नका. पांढरं प्लास्टिक पिवळं पडतं, जुना जेटफायर याबाबत बदनाम आहे. नवं खेळणंही खिडकीच्या उन्हात ठेवू नका. मुंबई-कोकणच्या दमट हवेत स्क्रूंना गंज धरतो आणि स्टिकरच्या कडा सुटतात, म्हणून काचेच्या कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि पावसाळ्यात त्या बदला. काच आणि दिव्यांचं कपाट हाही खर्चच आहे, एका मध्यम मास्टरपीसएवढा सहज जातो. तो अंदाजपत्रकात पहिल्या दिवसापासून धरा.

सैल झालेल्या कंबरेला किंवा घोट्याला पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ थर पुरतो. सांधा उघडा, थर द्या, पूर्ण वाळू द्या, मगच जोडा. घट्ट सांध्यावर मात्र कधीच जोर लावू नका. आधी सूचनापत्रक पुन्हा पाहा, बहुतेक वेळा त्याआधीची एखादी कडी सोडवायची राहिलेली असते.

पार्सल आलं की पेटी उघडण्यापासून सलग चित्रीकरण करा. परतीच्या मुदतीतच खेळणं एकदा गाडी आणि एकदा रोबो असं दोन्ही रूपांत नेऊन पाहा. कारखान्यात दोन डावे भाग बसवलेले असणं, पिन अर्धवट ठोकलेली असणं, असे दोष महागड्या खेळण्यांतही निघतात आणि फक्त रूपांतर करतानाच कळतात. पेटी तशीच बंद ठेवून दिवाळीची वाट पाहणाऱ्याला तोवर मुदत संपल्याचं उत्तर मिळतं.